थिजतं, मुरतं, पाघळतं

पदार्थाच्या अवस्था शिकवायच्या म्हटलं की विज्ञानाची पुस्तकं पहिल्याच फटक्यात बर्फ घ्यायला सांगतात. वाटी घ्यावी, चमचा घ्यावा, तसा बर्फ घ्यावा. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी फ्रिज आहे आणि त्याच्याकडची वीज जात नाही, एवढं त्या एका सूचनेवरून कळतं. मी जिथं पंधराएक वर्षं सहावी-सातवीला विज्ञान शिकवलं, ते गाव गंगाखेडपासून १४ किलोमीटर आत, गोदावरीच्या अंगाला आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरे. पण जर्मनीत बर्फ आभाळातून फुकट पडतो. आमच्याकडं तो गारीगारवाल्याच्या पेटीतून येतो आणि लाल-पिवळा असतो.

२०१५ च्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा सुरू झाली होती. हा धडा मी डिसेंबरातच उरकला होता, पण वर्गातली आठ-दहा पोरं दसऱ्यानंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. त्यांच्यासाठी धडा पुन्हा घ्यायचा होता, आणि या खेपेला खरा, पांढरा बर्फ दाखवायचाच असं मी ठरवलं होतं. बसस्टँडसमोरच्या रसवंतीवाल्याकडं बर्फाची लादी पहाटेच उतरते. त्याच्याकडून किलोभर तुकडा घेतला. त्याला लाकडाचा भुसा, भुशावर बारदान, बारदानावर बायकोचं जुनं लुगडं असा पोशाख चढवला आणि मोटारसायकल हाणली.

शाळेच्या दारातच मुख्याध्यापक उभे. ‘गुरुजी, वरून तातडीची माहिती मागवलीय. आत्ताच्या आत्ता.’

ही ‘वरून’ मागवलेली माहिती पदार्थाच्या कोणत्या अवस्थेत असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिला ठरावीक आकार नसतो, ठरावीक आकारमान नसतं, आणि मिळेल तेवढी सगळी जागा ती व्यापते. वायूच असावी. पटावर किती, हजर किती, नळ किती, नळाला पाणी किती, असे सगळे रकाने भरून मी वर्गात गेलो तेव्हा साडेदहा वाजले होते. गाठोडं व्हरांड्यात ठेवलं होतं, आणि ऊन सरकत सरकत त्याच्यावर येऊन बसलं होतं. पोरांनी कोंडाळं केलं. लुगडं सोडलं, बारदान सोडलं. आत ओला भुसा, आणि भुशात लिंबाएवढा एक खडा. तोही सगळ्यांनी हातात घेऊन पाहीपर्यंत बोराएवढा झाला.

शेवटच्या रांगेतलं एक पोरगं म्हणालं, ‘सर, तुमी यायच्या आधीच धडा झाला की.’

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण ज्यानं काढली, त्यानं बहुधा एप्रिलमध्ये इथं बर्फ आणून पाहिला असावा.

मास्तरकीत अशा वेळी प्रश्न विचारायचा असतो. म्हणून विचारलं, याआधी बर्फ कुणी कुणी पाहिलाय? मला वाटलं, दोन-चार हात वर होतील. सगळा वर्ग हात वर करून बसला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आदल्याच वर्षी, २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, मराठवाड्यात गारपीट झाली होती. उभा गहू, उभी ज्वारी आडवी झाली होती. माझ्या विद्यार्थ्यांना स्थायू अवस्थेतलं पाणी पुस्तकातून कळायचं बाकी नव्हतं. ते त्यांनी डोक्यावर घमेलं धरून पाहिलं होतं. एक मुलगी म्हणाली, ‘आमची दोन मेंढरं मेली सर, गारांनी. मंग दुपारी त्याचंच पाणी झालं.’ स्थायूचा द्रव झाल्याचं इतकं कोरडं वर्णन मी दुसरं ऐकलेलं नाही. फळ्यावर काय लिहावं ते मला थोडा वेळ सुचलं नाही.

त्या दिवसानंतर बर्फ आणायच्या भानगडीत मी पडलो नाही. पोरांना विचारायचं आणि ऐकायचं, एवढंच धोरण ठेवलं. त्यात वेळ फार जातो आणि मास्तराची अब्रू थोडी थोडी जाते, पण दोन्ही परवडतं.

अब्रू कशी जाते ते सांगतो. द्रवाला स्वतःचा आकार नसतो, ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार तो घेतो, अशी व्याख्या मी मोठ्या आवाजात सांगितली. लगेच एक हात वर. ‘सर, जोंधळा बी घेतो.’ पोत्यात पोत्यासारखा, कणगीत कणगीसारखा, पायलीत पायलीसारखा. ओतता येतो, वाहतो, कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बसतो. मग जोंधळा द्रव काहून न्हाई? मी एकेक दाणा हातात धरून दाखवला. दाण्याला आकार आहे, तो बदलत नाही, राशीचं सोडा. ते पटलं. पण मग दुसरा म्हणाला, ‘अन् फुफाटा?’ आमच्या गाडीवाटेवरचा उन्हाळ्यातला फुफाटा ज्यानं तुडवलाय, त्याला या प्रश्नाचं वजन कळेल. पाय घातला की तो पायाभोवती पाण्यासारखा मिटतो. त्याचा दाणा हातात धरून दाखवायला गेलं तर शिंक येते.

गॅसच्या टाकीनं तर मला पुरतं कोंडीत पकडलं. गावात नुकत्याच टाक्या यायला लागल्या होत्या. वायूचं उदाहरण म्हणून मी रुबाबात ‘स्वयंपाकाचा गॅस’ लिहिलं. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘पर सर, टाकी हलवून पाहिली की आत पाणी डुचमळतंय.’ बाकीच्यांनी माना हलवल्या. टाकी संपत आली का ते पाहायला घरोघरी ती हलवतात, त्यामुळं साक्षीदार पुष्कळ होते. पोरांचा समज असा, की गॅसवाला पाणी मिसळतो. दूधवाल्याच्या अनुभवावरून काढलेला हा निष्कर्ष शास्त्रीय पद्धतीला धरूनच होता. मग मी सांगितलं, की टाकीतला १४.२ किलो माल दाबून दाबून द्रव केलेला असतो. कॉक उघडला की वरचा दाब कमी होतो, द्रवाचा वायू होतो आणि तो शेगडीला जातो. दाबलं की द्रव, सोडलं की वायू. ‘म्हंजी त्याला दाबून बशिवलाय,’ पोरगी म्हणाली. रेणूंचं आकर्षण, अंतर, दाब हे सगळं मी पुढं तासभर सांगितलं, पण उत्तर तिथंच झालं होतं.

खोबरेल तेलाचा किस्सा त्याहून लहान आहे. मी त्याच मुलीला विचारलं, सांग, खोबरेल तेल स्थायू का द्रव? ती म्हणाली, ‘कवाचं इचारता सर, दिवाळीचं का होळीचं?’

हे तेल साधारण २४ अंशांच्या आसपास थिजतं. आणि परभणीचा पारा म्हणजे उन्हाळ्यात ४४-४५ पर्यंत चढणारा, थंडीत अचानक पाताळात जाणारा. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता आणि सगळ्या महाराष्ट्रानं आमची बातमी वाचली होती. अशा मुलखात वाढलेल्या पोरीला कोणत्याही पदार्थाची अवस्था महिना सांगितल्याशिवाय विचारणं हे अडाणीपणाचं आहे. पुस्तक ‘सामान्य तापमानाला’ म्हणतं. परभणीत सामान्य तापमान कधी असतं, ते मी अजून शोधतो आहे.

भौतिक आणि रासायनिक बदलांचा तास मात्र माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा तास ठरला. तो अजून संपलेला नाही.

फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडं भौतिक, उजवीकडं रासायनिक. घरात, रानात काय काय बदलतं ते सांगा म्हटलं. मला पाच-सहा उत्तरं अपेक्षित होती: पाणी उकळतं, कागद जळतो, झालं. पोरं बोलायला लागली आणि खडू पुरेना. तूप थिजतं. दूध नासतं. दही लागतं. पीठ आंबतं. लोणचं मुरतं. गूळ पाघळतो. पापड सादळतो. आमटी आटते. डाळ विटते. पितळेत ताक कळकतं. तेल खवट होतं. कैरी पाडाला येते. चुना विझतो. लोखंड गंजतं. शेण कुजतं. रक्त साकळतं. नारळ वाढतो. (फुटला म्हणायचं नसतं.) पोरं एकेक शब्द असा टाकत होती, जसं घरचं भांडं आणून समोर मांडावं. रकाने विसरून मी नुसता लिहीत गेलो. फळा भरला, मग बाजूच्या भिंतीवर लिहायला लागलो. भिंतीवर लिहू नये असं मीच त्यांना सांगत असे, त्यामुळं वर्गात आनंदीआनंद.

रात्री घरी गेल्यावर ती यादी डोक्यातून जाईना. मी रसायनशास्त्र शिकलेला माणूस. द्रवाचा स्थायू होणे याला माझ्याकडं गोठण हा एकच शब्द. आणि सहावीच्या पोरांकडं? पाणी गोठतं. तूप गोठत नाही, थिजतं. रक्त थिजत नाही, साकळतं. (शहरात ते गोठायला लागलं आहे, आमच्याकडं अजून साकळतंच.) दूध यातलं काहीच करत नाही, त्याचं दही लागतं. चारही ठिकाणी पातळाचं घट्टच होतं. पण गोठलेलं पाणी आणि थिजलेलं तूप ऊब लागली की पहिल्यासारखं होतं. साकळलेलं रक्त आणि लागलेलं दही कितीही शेकलं तरी माघारी येत नाही. माझ्या आजीला रसायन हा शब्द ठाऊक नव्हता. पण ‘तूप साकळलं’ असं ती उभ्या आयुष्यात एकदाही म्हणाली नाही. दोन्ही रकाने तिच्या क्रियापदांत आधीच आखलेले होते.

वितळणं आणि विरघळणं यांतही तेच. परीक्षेत पोरं या दोन शब्दांत घोटाळा करतात म्हणून आम्ही गुण कापतो. पण घरी कुणीच घोटाळा करत नाही. चहात साखर विरघळते. चिक्कीच्या कढईत ती वितळते. एकीला पाणी लागतं, दुसरीला जाळ. ‘चहात साखर वितळली का?’ असं कुठल्या आईनं विचारल्याचं ऐकलंय? घोटाळा सुरू होतो तो आम्ही विलयन, द्रावण, द्रवण, विद्राव्य असे एका घरातले भाऊ शोभावेत असे चार शब्द एकाच पानावर आणून बसवले की.

आणि सादळणं! पावसाळ्यात उघड्या डब्यातला पापड मऊ होतो. हवेतली वाफ त्यात शिरते, त्याचा कुरकुरीतपणा जातो, उन्हात टाकला की परत येतो. सरळ भौतिक बदल. त्याला एका शब्दाचं नाव माझ्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला मिळालं नाही. मराठीनं ते कधीच देऊन ठेवलंय. गूळही हवेतलंच पाणी ओढून पाघळतो, पण गूळ सादळला कुणी म्हणत नाही. कारण पापड ओल धरून मऊ पडतो आणि गूळ ओल धरून वाहायला लागतो. एवढा बारीक भेद करणारी माणसं अडाणी म्हणून सरकारी रकान्यात भरली जातात, हे माहिती भरणाऱ्या माझ्यासारख्यालाच ठाऊक.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना मी एकदा वर्गात बोलावलं. त्या लाजल्या, मग पदर खोचून उभ्या राहिल्या. आम्ही गंगाखेडचे, म्हणजे जनाबाईच्या गावचे. जातं हा आमचा घरचा विषय. जोंधळा दळला, पीठ झालं. बदल कोणता? भौतिक, वर्ग ओरडला. दाण्याचं पीठ झालं, पण जोंधळा जोंधळाच राहिला. तव्यावर भाकरी टाकली? रासायनिक. इथवर पुस्तकाप्रमाणं झालं. मग मावशी म्हणाल्या, ‘गुरुजी, मधलं ऱ्हायलं की.’ जोंधळ्याच्या पिठात गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून आधणाचं पाणी घालून मळावं लागतं. गरम पाण्यानं पिठातली खळ फुगते आणि भाकरी थापताना चिरत नाही. ‘अन् पीठ लई दिसाचं आसंल तर इरी जाती. मंग ब्रह्मदेव आला तरी भाकर थापत न्हाई.’ विरी जाणं! पीठ तेच दिसतं, वजन तेच, रंग जवळपास तोच, आणि तरी आत काहीतरी कायमचं बदललेलं. हे कोणत्या रकान्यात? मी सांगितलं, पिठातलं तेल हवेनं हळूहळू बिघडतं, ते रासायनिक. पण विरी जाण्याचं सगळं उत्तर तेवढंच आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यांनी ‘परभणी मोती’ नावाची ज्वारीची झकास जात दिली आहे. त्यांच्यापैकी कुणाची गाठ पडली तर मावशींचा प्रश्न पुढं करायचा, असं वहीत लिहून ठेवलंय.

ऊसतोडीहून आलेली पोरं या सगळ्यात गप्प असत. अर्धं वर्ष शाळा बुडालेली, पुस्तकातलं पान सापडत नाही, त्यामुळं मागं बसायची. त्यांच्यातल्या एकाला मी बाष्पीभवन विचारलं. शब्दच माहीत नव्हता. म्हटलं, बरं, ओली वस्तू वाळते म्हणजे काय होतं? तो म्हणाला, ‘पैशे कमी व्हतेत.’

वर्ग हसला. मीही हसलो असतो, पण तो हसत नव्हता. मग त्यानं सांगितलं. तोडणीचे पैसे टनावर मिळतात. दिवसभर फडात ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. वाहन वेळेवर आलं नाही किंवा कारखान्यावर रांग लागली, की भरलेला ऊस उन्हात उभा. ऊस वाळतो. वाळला की वजन घटतं. काट्यावर गाडी जाते तोवर त्याच्या मायबापाच्या कोयत्याचा पैसा हवेत उडून गेलेला असतो. (तिकडं नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांचं एक हत्यार झालं, हा बदल भौतिक का रासायनिक ते मी कधी विचारलं नाही.) मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. नुसतं पाणीच उडत नाही, ऊस शिळा झाला की आतली साखरही मोडायला लागते, म्हणून कारखान्यालाही उतारा कमी पडतो. पाणी उडालं तो भौतिक बदल, साखर मोडली तो रासायनिक. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘म्हंजी दोन्ही बदलांत आमीच तोट्यात.’

बाष्पीभवनाची व्याख्या त्या वर्षी सगळ्या वर्गाला पाठ झाली. त्यानंतर तो पोरगा पुढच्या रांगेत बसायला लागला. गुऱ्हाळ, मळी, काकवी, चिमणीचा धूर, यातलं काही निघालं की वर्ग माझ्याकडं न बघता त्याच्याकडं बघायचा.

आता माझ्या फजितीचं मुख्य कारण सांगायला हवं. भौतिक बदल उलटा फिरवता येतो, रासायनिक येत नाही, असं मी सुरुवातीची काही वर्षं बिनदिक्कत शिकवत होतो. मार्गदर्शिका, म्हणजे गाइड, तसंच सांगते. पोरांनी या नियमाचा तीन आठवड्यांत भुगा केला. पहिला वार माठाचा. ‘सर, माठ फुटला. परत येत न्हाई. मंग रासायनिक का?’ फुटका माठ मातीचाच राहतो बाळा, नवा पदार्थ झाला नाही, म्हणून भौतिक. दुसरा वार मोबाइलचा. बॅटरी उतरते ती आतल्या रसायनांच्या बदलानं, आणि रात्री चार्जिंगला लावली की तोच बदल उलटा फिरतो. रोज फिरतो. तिसरा वार हळदीचा, आणि तो सगळ्यात देखणा.

लग्नसराईत एका पोराच्या पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला. आईनं साबण लावला तर डाग लालभडक. तिला वाटलं रक्त आलं. पाण्यानं खळखळून धुतला, पुन्हा पिवळा. पोरगं शर्ट घालूनच वर्गात आलं, पुरावा म्हणून. आम्ही कागदाच्या पट्ट्यांना हळद फासली. शेजारच्या वसमतची हळद. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये वेगळा होईपर्यंत तो तालुकाही आमचाच होता, त्यामुळं हळद अजून घरची वाटते. साबणाचं पाणी लावलं, लाल. लिंबू पिळलं, पिवळी. पुन्हा साबण, पुन्हा लाल. हळदीतल्या रंगद्रव्याचा रेणू साबणानं बदलतो आणि लिंबानं माघारी येतो. रासायनिक बदल, आणि तरी दिवसभर उलटसुलट फिरणारा. चुन्यात हळद घालून कुंकू करतात, त्यातलं इंगित हेच. पोरं लिंबं संपेपर्यंत खेळली. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचा नियम पुसला आणि त्या जागी लिहिलं: नवा पदार्थ झाला का, ते आधी बघा.

‘जाळ कशात बसतो?’ हा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं कुणी ना कुणी विचारतंच. स्थायू, द्रव, वायू, आणि मग जाळ? या प्रश्नाला मी घाबरत असे. उत्तर मला लोडशेडिंगनं दिलं. मेणबत्तीच्या उजेडात वह्या तपासायचो तेव्हा आठवलं, की मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली होती ती एका मेणबत्तीवर. लोहाराचा पोरगा, पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारी केलेला. म्हणजे आमच्यातलाच. त्यांचा एक खेळ मी वर्गात केला. मेणबत्ती फुंकली की वातीतून पांढरा धूर निघतो. काडी वातीला न लावता त्या धुराला लावायची. जाळ टुणकन उडी मारून वातीवर येऊन बसतो. मेण वितळलं, वातीतून वर चढलं, त्याची वाफ झाली, ती वाफ जळते. पहिले दोन बदल भौतिक, शेवटचा रासायनिक, आणि सगळे बोटभर जागेत. जाळ म्हणजे जळता वायू, त्यात काजळीचे कण तापून पिवळे चमकतात. पोरांनी तो खेळ इतक्या वेळा करायला लावला की त्या महिन्याच्या मेणबत्त्या संपल्या आणि वह्या तपासायच्या राहिल्या.

मला स्वतःला या धड्यातलं सगळ्यात आवडतं उदाहरण शाळेच्या पायाखालीच आहे. आमचा अख्खा जिल्हा काळ्या दगडावर बसलेला आहे, आणि हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. पातळ, लाल, वाहणारा. थरावर थर येत गेले आणि थिजत गेले. मग ऊन-पावसानं त्याला तडकवला, पाण्या-हवेनं आतून कुजवला, दोन्ही रकान्यांनी मिळून त्याची काळी माती केली. आज तीच माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. हे सांगताना माझा आवाज थोडा चढतो. एका वर्षी वर्ग अगदी चिडीचूप ऐकत होता. मी म्हटलं, विचारा काही शंका असली तर. एक पोरगं उठलं. ‘सर, तवा सातबारा कुणाच्या नावावर हुता?’

भिंतीवरची ती यादी वाढत गेली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पाहिली, चष्मा वर केला आणि विचारलं, ‘हे मराठीच्या तासाचं आहे का विज्ञानाच्या?’ मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पुढून आवाज आला, ‘सैपाकाचं हाय साहेब.’ शेऱ्यात काय लिहिलं गेलं ते मी इथं सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात शाळेला रंग द्यायचा निघाला. रंगाऱ्यानं ब्रश बुडवला होता. त्याला चहा पाजला आणि सहावीच्या खोलीतली खिडकीशेजारची तेवढी भिंत सोडायला सांगितलं. तो स्वतः यादी वाचत उभा राहिला आणि म्हणाला, ‘गुरुजी, ह्याच्यात रंग फुलतो अन् पोपडे धरतात ते न्हाई की.’ त्याच्याच हातानं दोन ओळी वाढल्या. आता त्या भिंतीवर एकूण ११४ क्रियापदं झाली आहेत, आणि खाली दीड फूट जागा अजून मोकळी आहे. तुमच्याकडं काय काय होतं, आजी-मावशीच्या तोंडी कोणता शब्द आहे, तो आठवला तर कळवा. शब्दाबरोबर पदार्थही लिहा, नाहीतर पोरं मला विचारत बसतात.